सकाळी चढणारा रंग

"हात वर कर. अजून वर. काख दाखवायला लाजतोस काय नवरीगत?"

बाहुबलीनं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मी त्याच्या बरगड्यांवरून स्पंज फिरवला. तालमीच्या आतल्या खोलीत पंखा चालू होता. तो वर्तमानपत्रावर उभा होता, अंगावर नुसती चड्डी. मागच्या भिंतीपाशी त्याच्याआधी रंगवून झालेला धैर्यशील हातपाय फाकवून उभा होता. वाळेपर्यंत कुठं टेकायचं नाही, असा त्याला माझा दम होता.

"दिगूदा, रंग कुठं हाय?" बाहुबली आपल्या दंडाकडं बघत म्हणाला. "नुसतं पाणी फिरवतोयस."

"गप ऱ्हा. सकाळी आरशात बघ आणि मग बोल."

मी कुंभार. गणपती रंगवतो. मूर्तीला अंगाचा रंग देण्यात इचलकरंजीत माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी माझ्याच तोंडानं सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. तालमीतल्या पोरांना स्पर्धेआधी काळं करण्याचं काम त्यातूनच माझ्याकडं आलं. स्टेजवरच्या झगझगीत दिव्यांत गोरं अंग सपाट दिसतं, कमावलेला एकही स्नायू उठून दिसत नाही. म्हणून शरीरसौष्ठववाले अंग सावळं करून घेतात. आधी आम्ही एक काळपट लेप थापायचो. घाम आला की तो ओघळायचा आणि जज्जासमोर उभा असलेला गडी गटारातनं काढल्यागत दिसायचा. त्या वर्षी मी पुण्याहून नव्या तऱ्हेची बाटली मागवली होती. हे औषध लावताना पाण्यासारखं. ते कातडीत मुरतं आणि रात्रीतून रंग चढतो, जन्मभर उन्हात राबलेल्या माणसासारखा.

पण बाटली आणली की काम झालं असं नसतं. उन्हानं रापलेला माणूस सगळीकडं सारखा काळा नसतो. कोपराच्या आत, मानेच्या वळीत, बोटांच्या बेचक्यात तो फिका असतो. गुडघे, कोपरं, घोटे जादा रंग पितात, तिथं आधी मलम लावावं लागतं. तळहात तर ओल्या फडक्यानं लगेच पुसायचे, नाहीतर माणसाच्या हाताला माकडाचा पंजा येतो. मी स्वतः रबरी मोजे घालून काम करत होतो.

"आंघोळ केल्यावर जातंय काय हे?" धैर्यशीलनं विचारलं.

"आंघोळ सोड, रॉकेलनं घासलंस तरी जायचं न्हाई. वरची कातडी गेली तरच रंग जाणार."

"आयला. म्हंजे आठवडाभर आईला तोंड दाखवायची सोय न्हाई," बाहुबली म्हणाला आणि दोघंही हसले.

दोघं एकाच ताटातलं खाऊन वाढलेले. बाहुबली मगदूम यंत्रमागावर रात्रपाळी करणारा. जैनाच्या घरात अंडं शिजत नाही, म्हणून तालमीत येऊन खायचा आणि तोंड धुऊन घरी जायचा. धैर्यशील आमच्या हिंदुराव वस्तादांचा एकुलता एक. आणि दुसऱ्या दिवशी दोघंही एकाच किताबासाठी उभे राहणार होते. जो 'जिल्हा श्री' होईल त्याला साखर कारखान्यात क्रीडा कोट्यातून कायमची नोकरी, असं चेअरमननी भर सभेत जाहीर केलं होतं. बाहुबलीला मागाचा धुरळा छातीला बाधत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे काम सोड, नाहीतर तुझं हे अंग नुसतं शोभेचं राहील. सोडून करणार काय, याला त्याच्याकडं ती नोकरी सोडून दुसरं उत्तर नव्हतं. आणि त्या वर्षी त्याच्यासारखं अंग जिल्ह्यात कुणाचं नव्हतं. शेजारच्या तालमीचा लखन आवळे थोडा जवळ यायचा. धैर्यशील तिसरा. हे धैर्यशीललाही माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

मोजे काढून मी बाटलीला बूच लावत होतो तेवढ्यात वस्ताद आत आले. जुने पैलवान, पंचावन्नच्या घरातले, तरी मान अजून खांद्यात रुतलेली. दोन्ही पोरांभोवती त्यांनी एक फेरी मारली.

"दिग्या, रंग लावलास का गंगाजळानं न्हाऊ घातलंस?"

"सकाळी बघा, वस्ताद."

ते हसले. बाहुबलीच्या समोर थांबले आणि त्याला खालपासून वरपर्यंत बघत राहिले. दहा वर्षं त्यांनीच ते अंग घडवलं होतं. "तयार झालास," एवढंच म्हणाले. बापानं म्हणावं तसं म्हणाले. मला तेव्हा भरून आलं होतं, हे सांगितलं पाहिजे.

दिवस मावळताना बाहुबली ढगळ सदरा आणि लुंगी अंगावर टाकून घरी निघाला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे पैलवान बघायलाच वाघ असतात. दोन दिवस पाणी तोडलेलं, मीठ तोडलेलं, जिना चढताना भिंत धरतात. मी माझं सामान आवरून त्याच्या पाठोपाठ निघालो आणि तेवढ्यात वीज गेली. लोडशेडिंगचे दिवस होते ते. वीज गेली की सगळ्या गावाचे माग एकदम बंद पडायचे. दिवसरात्र तो खडखडाट कानात असतो, तो थांबला की कान बधिर झाल्यासारखे वाटतात.

त्या शांततेत मला ते ऐकू आलं. सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या कारखान्यामागच्या बोळातून काहीतरी मोडल्याचा आवाज, ओल्या लाकडाचा येतो तसा. आणि मग तोंड दाबलेल्या माणसाचा हुंकार.

मी पळालो. बोळात डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. कुणीतरी जड पायांनी पलीकडच्या टोकाला पळत गेलं. माझा पाय बाहुबलीला अडखळला. तो पालथा पडला होता आणि त्याचा डावा हात पाठीवर भलत्याच बाजूला गेला होता. तोंडात त्याचाच सदरा कोंबलेला. मी तो ओढून काढला, तसा तो ओरडला. मी त्याला काखेत हात घालून उचलला. अंग अजून चिकट होतं.

"कोण हुतं?"

"मागनं धरलं," तो दातावर दात रोवून म्हणाला. "हात पिरगाळला आन् वर वडला. मग पाडून पाठीवर नाचला माझ्या. दिगूदा, माझा हात गेला."

माझ्या ओरडण्यानं लोक जमले. कुणी कंदील आणला. वस्ताद बॅटरी घेऊन आले, पाचसहा पावलांवर थांबले, उजेड पाडला. बाहुबलीच्या पाठीवर टाचांचे ठसे लाल उमटले होते आणि एका ठिकाणी कातडं फुटलं होतं.

"वस्ताद, जरा धरा की ह्याला," मी म्हणालो.

"मी हात लावत न्हाई. रंग पुसंल त्येचा," ते म्हणाले. "उद्या उभं ऱ्हायाचंय त्याला."

एवढ्या गडबडीतही वस्तादांना पोराच्या रंगाची काळजी, असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं. मीच एकट्यानं त्याला हाडवैद्याच्या घरापर्यंत नेला. हाडवैद्यानं त्याला जमिनीवर निजवलं, काखेत आपली टाच रोवली आणि मनगट धरून ओढलं. खटका ऐकू आला. बाहुबलीनं तोंडात दिलेला पंचा फाडला पण आवाज काढला नाही.

"खांदा बसला," हाडवैद्य म्हणाला. "पण हा हात वर न्यायाचा न्हाई. पुन्हा निखळला तर मग मी कुणी न्हाई."

हात वर न्यायचा नाही. आणि दोन्ही हात वर घेऊन दंड दाखवणं हीच तर स्पर्धेतली पहिली पोज.

बाहेर वस्ताद पोरांना सांगत होते, "हे लखनचं काम. दुसऱ्या कुणाला ह्याचं भ्या वाटतंय? सकाळी जाऊन विचारा त्याला. नीट विचारा."

नीट विचारा म्हणजे काय, हे आमच्या तालमीत कुणाला फोडून सांगावं लागत नव्हतं.

सकाळी उठून मी चूळ भरायला ओंजळ केली आणि माझे तळहात बघितले. चहात बुडवून ठेवल्यासारखे तपकिरी. मोज्यांशिवाय बाहुबलीला उचलला होता तो मी. साबण लावला, लिंबू चोळलं, रॉकेल झालं. तसूभर हललं नाही. मनात म्हटलं, चला, औषध तरी अस्सल निघालं. त्यापुढं माझी अक्कल गेली नाही.

तालमीतला जोतिराम आणि आणखी चौघं मला घ्यायला आले. मी गेलो. मला राग आला होता आणि तो खरा होता.

लखन दारातल्या दगडावर आंघोळीला बसला होता, अंगाला अजून कसलाच रंग नव्हता. जोतिरामनं काही न विचारता तांब्या उचलून त्याच्या तोंडावर हाणला. लखनची भुवई फाटली. तो उठायच्या आत दोघांनी लाथा घातल्या. त्याची बायको दारात येऊन किंचाळायला लागली. लखन आंधळ्यासारखे हात फिरवत होता, रक्त डोळ्यात जात होतं. त्याची एक बुक्की जोतिरामच्या नाकावर बसली, तसा जोतिराम बिथरला आणि त्यानं आंघोळीचा दगडच उपसायला घेतला.

"हात धर त्याचं, दिगूदा!"

मी लखनची दोन्ही मनगटं धरली आणि मागं दाबली. त्याचे पंजे माझ्या तोंडासमोर उघडे पडले. स्वच्छ, ओले, गुलाबी तळहात. त्यांना गच्च धरून बसलेले माझे तपकिरी पंजे.

"थांब," मी म्हणालो. "जोत्या, दगड टाक."

"का?"

"टाक म्हणतो न्हवं."

मी लखनला सोडलं आणि त्याच्यासमोर आडवा उभा राहिलो. माझे हात पुढं केले. "हे बघा. काल मी बाहुबलीला हात लावला, त्याचं हे. घासून निघत न्हाई. ज्यानं त्याला धरून पिरगाळलं, त्याचं हात आज असंच असणार. ह्याचं बघा."

लखन थुंकला. थुंकीत दाताचा तुकडा होता. "मी काल सांजच्याला मंडपात वजन द्यायला गेल्तो," तो म्हणाला. "पंचास्नी विचारा जावा."

जोतिरामनं आपला हात उघडून स्वतःच बघितला. त्याचं बघून दुसऱ्यानं. लखनच्या दारात, त्याच्या रक्तावर उभं राहून आम्ही पाचसहा दांडगे गडी एकमेकांना तळहात दाखवत होतो, शाळेत नखं तपासतात तसे. माझे सोडून सगळ्यांचे गोरे होते. तसेच आम्ही परत फिरलो.

तालमीत बाहुबली बाकावर बसला होता, डावा हात गळ्यात बांधलेला. त्याचा रंग असा चढला होता की मीच बघत राहिलो. टाचांचे ठसे होते तिथं आता काळंनिळं झालं होतं, पण तेही त्या सावळ्या पाठीत बरंचसं मुरून गेलं होतं. धैर्यशील त्याच्या पायाला तेल चोळत होता. तोही तसाच रापलेला, एकसारखा, कुठं डाग नाही. वस्ताद खुर्चीत होते.

त्यांच्या दोन्ही हातांना पांढरी पूड होती. वजन उचलताना हात घसरू नये म्हणून पोरं खडूची पूड लावतात. वस्तादांनी तिला जन्मात हात लावला नव्हता. मातीतल्या माणसाला ही थेरं लागत नाहीत, म्हणायचे.

"सापडला का लखन?" त्यांनी विचारलं.

"सापडला," मी म्हणालो. कोपऱ्यातल्या पिंपातून मी तांब्या भरून घेतला. "वस्ताद, हात पुढं करा."

"कशाला?"

"पूड लागलीय. धुतो."

ते उठले नाहीत आणि हातही पुढं केले नाहीत. जोतिराम माझ्या मागून आला, त्याच्या नाकातून अजून रक्त येत होतं. त्यानं वस्तादांची मनगटं धरली. दहा वर्षांत कुणी त्यांना असं धरलं नव्हतं. त्यांनी एक हिसडा दिला, जोतिराम भिंतीवर आदळला. मग दुसरे दोघं पुढं झाले. खुर्ची उलटली. वस्ताद गुडघ्यावर आले आणि मी त्यांच्या मुठींवर पाणी ओतलं. पूड वाहून गेली. एकेक बोट उघडावं लागलं.

माझ्या हातांसारखेच हात.

"पोराला हात लावला असंल," वस्ताद म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. "माझ्या पोराला लावला नव्हता का रंग? काल त्येच्या पाठीवर हात फिरीवला मी. विचारा त्याला. धैर्या, सांग."

सगळे धैर्यशीलकडं वळले. त्याच्या हातातून तेलाची वाटी कलंडली होती, ते त्याला कळलं नव्हतं. त्यानं हो म्हटलं असतं तर आम्ही मान्य केलं असतं. मान्य करायची आमची तयारीच होती, इतका तो माणूस आम्हाला मोठा होता. धैर्यशीलनं बापाकडं बघितलं, मग आपल्या छातीकडं, पोटाकडं, त्या निर्मळ रंगाकडं.

"न्हाई, आबा," तो म्हणाला. "मला काल कुणी शिवलं न्हाई."

वस्तादांनी डोळे मिटले.

"का, वस्ताद?" बाहुबली बाकावरूनच म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"तू हुतास तोवर ह्याला काय मिळणार हुतं?" वस्ताद खाली बघत म्हणाले. "तुला मी केला. तुला कुठंबी मिळंल. ह्येला कोण देणार?"

जोतिरामनं लोखंडी दांडा उचलला. बाहुबली उठला, चांगला हात पुढं करून त्यानं दांडा धरला आणि खाली ठेवायला लावला. त्या गडबडीत धैर्यशील खोलीतून गेला, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि त्यात आणखी एक खरखर होती. मी तिकडं बघितलं तर मोरीतून येणारं पाणी लाल होतं.

दार आतून लावलेलं होतं. मी आणि बाहुबलीनं खांद्यानं तोडलं, त्यानं उजव्या, मी दोन्ही. धैर्यशील खाली बसला होता आणि विटेच्या तुकड्यानं छाती घासत होता. माझेच शब्द तो पाळत होता. छातीवरची, दोन्ही दंडांवरची कातडी निघाली होती, मांस उघडं पडलं होतं, त्यावर विटेची लाल भुकटी. डोळ्यांत पाणी नव्हतं. मी वीट ओढली तर त्यानं नखं लावली.

"सोड मला, दिगूदा. रंग जात न्हाई."

बाहुबलीनं एका हातानं त्याला कवेत घेतलं आणि दोघंही ओल्या फरशीवर बसून राहिले. वस्ताद दारात आले होते. त्यांना कुणी आत येऊ दिलं नाही.

संध्याकाळी बाहुबली स्टेजवर उभा राहिला. मी पाठीवरचे वळ असे मिळवून टाकले होते की पहिल्या रांगेतूनसुद्धा दिसत नव्हते. पंचांनी पहिली पोज सांगितली. उजवा हात वर गेला. डावा खांद्यापर्यंत आला आणि त्यानं तो आणखी वर ढकलला. मी कडेला होतो, मला खटका ऐकू आला. चेहरा हसराच ठेवून तो पोज संपेपर्यंत उभा राहिला आणि मग पडला. किताब लखनला गेला, भुवईला टाके आणि पुढचा दात अर्धा अशा अवस्थेत. नोकरीही त्याला मिळाली. आम्ही कुणी ब्र काढला नाही. काढण्यासारखं तोंड आमच्याकडं नव्हतं. उतरताना लखननं बाहुबलीला विचारलं, "कुणी केलं रं?" बाहुबली म्हणाला, "पडलो." पुढंही त्यानं कुणाला दुसरं सांगितलं नाही. तो मागावरच राहिला. आता छातीत घरघर असते आणि डावा हात टोपी घालण्यापुरताही वर जात नाही.

वस्तादांचे तळहात महिनाभराच्या आत साफ झाले. धैर्यशीलच्या जखमा त्याच्यानंतर भरल्या.

त्याला वीस वर्षं होत आली. परवा धैर्यशील गणपती बुक करायला माझ्याकडं आला होता. उकाडा होता म्हणून सदऱ्याची बटणं सोडून बसला. छातीवर अजून ते पांढरे चट्टे आहेत, कातडी पुन्हा आली ती रंगाशिवायच. माझे डोळे तिकडं जातातच, धंदाच तसला.

"धैर्या, आता लई भारी औषधं आल्यात," मी म्हणालो. "असं मिळवून देतो की तुझ्या बायकोलाबी कळणार न्हाई."

त्यानं बटणं लावली नाहीत. वस्ताद गेली चार वर्षं लकव्यानं अंथरुणावर आहेत, हे मला ठाऊक होतं.

"नको, दिगूदा," तो म्हणाला. "आबास्नी रोज मीच आंघोळ घालतो. सदरा काढून घालतो. बघू दे त्यास्नी."

मग त्यानं दीड फुटाची मूर्ती पसंत केली आणि तो गेला.